गिरणगावची लोकसभा सीट गेली कुठे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात १९५२ च्या निवडणुकीवर लिहिताना एक वाक्य गेलं की डॉ. आंबेडकर 'मुंबई शहर उत्तर' मतदारसंघातून पडले, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. पाककृती आणि पासपोर्टवाले प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

"उत्तर मुंबई म्हणजे बोरिवली-कांदिवली ना? बाबासाहेब राहायला दादरला, चळवळ परळ-नायगाव-वरळीत, मग ते तिकडे कशाला उभे राहिले?" (एक वाचक, डोंबिवली)

तिकडे नाहीच राहिले उभे. आजचं उत्तर मुंबई आणि ५२ चं 'मुंबई शहर उत्तर' यांचा काडीचा संबंध नाही. त्या वेळी लोकसभेसाठी मुंबई बेटाचे सरळ दोन भाग केले होते, खालचा 'शहर दक्षिण' आणि वरचा 'शहर उत्तर', आणि माहीमच्या खाडीपलीकडचं सगळं 'मुंबई उपनगर' या तिसऱ्याच मतदारसंघात. दक्षिणेतून स. का. पाटील आले, उपनगरातून जयश्री रायजी, दोघंही काँग्रेसचे. मधला जो 'उत्तर' तो म्हणजे आपला गिरणगाव आणि त्याच्या वरचा भाग, परळ-नायगाव-दादर वगैरे पट्टा. म्हणजे बाबासाहेब अगदी घरच्याच मैदानात उतरले होते, परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेला आणि नंतर हिंदू कॉलनीत राजगृह बांधलेला माणूस दुसरीकडे कशाला जाईल.

गोंधळ होतो तो पुढे. ५७ साली नकाशा पुन्हा काढला, तेव्हा हा गिरणगावचा पट्टा झाला 'मुंबई शहर मध्य' आणि 'मुंबई शहर उत्तर' हे नाव सरकलं वर, उपनगरांकडे. तिथून कृष्ण मेनन निवडून आले, ५७ लाही आणि ६२ लाही (६२ ला समोर आचार्य कृपलानी होते, ती लढत देशभर गाजली). त्यामुळे जुने रिझल्ट बघताना नुसतं नाव बघून चालत नाही, नाव आणि साल दोन्ही बघायचं. नाहीतर इंटरनेटवर काही ठिकाणी आहे तशी मेनन आणि आंबेडकर एकाच सीटवरून लढले अशी यादी तयार होते आणि ती लोक फॉरवर्ड करत बसतात.

"एका मतदारसंघातून दोन खासदार हा काय प्रकार होता? आणि बाबासाहेबांच्या निवडणुकीत ७४ हजार मतं बाद झाली असं ऐकतो ते खरं का?" (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५२ साली लोकसभेच्या ४८९ जागा होत्या पण मतदारसंघ होते ४०१ च. कारण ८६ मतदारसंघ द्विसदस्य, म्हणजे दोन खासदारांचे (आणि उत्तर बंगालमधला एक तर तीन खासदारांचा). या जोड-मतदारसंघांत साधारण एक जागा खुली आणि एक राखीव, पण मतदार सगळे तेच. म्हणजे राखीव जागेसाठी फक्त दलितांनी मत द्यायचं असं नव्हतं, प्रत्येकाला दोन मतं आणि प्रत्येकाने ती कुठल्याही दोन उमेदवारांना द्यायची.

आता मत द्यायचं कसं ते बघा, कारण सगळी गंमत (आणि सगळा घोळ) तिथे आहे. तेव्हा मतपत्रिकेवर नावं नव्हती, चिन्हं नव्हती, शिक्काही मारायचा नव्हता. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं, आपण कागद नेऊन हव्या त्या पेटीत टाकायचा, झालं. देशात अक्षरओळख असलेली माणसं शंभरात अठरा, त्यांच्यासाठी ही सोय. या पेट्यांमधल्या लाखो पेट्या आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. तर गिरणगावातल्या मतदाराच्या हातात दोन कागद, समोर पेट्यांची रांग, बैलजोडी काँग्रेसची, झाड सोशालिस्टांचं, हत्ती शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, विळा-कणीस कम्युनिस्टांचं. नियम एकच की दोन कागद दोन वेगळ्या पेट्यांत टाकायचे. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर एकच धरला जायचा आणि दुसरा बाद.

मुंबईत बाबासाहेबांच्या फेडरेशनची युती होती सोशालिस्ट पार्टीशी. खुल्या जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. हिशोब साधा, एक कागद झाडात आणि एक कागद हत्तीत. काँग्रेसतर्फे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. आणि कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे खुल्या जागेसाठी, एकटेच. आता डांग्यांच्या गिरणी कामगाराने पहिला कागद विळा-कणीसमध्ये टाकला, ठीक, पण दुसऱ्याचं काय करायचं? तो हत्तीत गेला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. नंतर आरोप असा झाला की डांग्यांच्या बाजूने प्रचारच असा होता की दुसरं मत वाया घालवा, पाहिजे तर दोन्ही एकाच पेटीत टाका, पण आंबेडकरांना देऊ नका.

निकाल असा लागला: गांधींना १ लाख ४९ हजारांच्या वर, अशोक मेहतांना जवळपास १ लाख ४० हजार, काजरोळकरांना १ लाख ३८ हजारांच्या आसपास, बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ आणि डांग्यांना ९७ हजारांच्या आत. खुल्या जागेवर गांधी, राखीव जागेवर काजरोळकर. म्हणजे अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं पडली तरी ते घरी आणि काजरोळकर दिल्लीला, कारण एक जागा राखीव उमेदवारालाच जाणार होती. बाबासाहेब साधारण साडेचौदा हजारांनी पडले.

आणि हो, ७४ हजारांचा आकडा खरा आहे. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणुकीविरुद्ध याचिका केली, तिच्यात ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचा मुद्दा होता. पराभव साडेचौदा हजारांचा आणि बाद मतं त्याच्या पाचपट, त्यामुळे आजही चर्चा पेटते यात नवल नाही. याचिका फेटाळली गेली. माझं मत विचाराल तर सगळा दोष एका डांग्यांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे पण पुरेसं नाही. नेहरूंची लाट होती, मुंबई काँग्रेसची यंत्रणा स. का. पाटलांच्या हातात आणि ती जबरदस्त, आणि दोन कागदांचं गणित मतदाराला पहिल्यांदाच शिकवायचं होतं, त्यात काही हजार माणसं प्रामाणिकपणे चुकली असणार. पण दुसरं मत वाया घालवा हे सांगणं हीसुद्धा एक रणनीती असू शकते हे या सीटने दाखवून दिलं, त्यात शंका नाही.

बाबासाहेब मग ५२ मध्येच राज्यसभेवर गेले. ५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली, तीही दोन जागांची, जोडी पुन्हा तीच. त्यात अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पुन्हा पडले, या वेळी काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून.

ही दोन खासदारांची पद्धत गेली कशी तेही सांगून टाकतो, कारण अजून दोघांनी तेच विचारलंय. नियम असा होता की राखीव उमेदवारांत जो पहिला त्याला राखीव जागा, आणि उरलेल्या सगळ्यांत जो पहिला त्याला दुसरी, मग तो कुठल्याही समाजाचा असो. ५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनीच जिंकल्या आणि पडले कोण तर व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही हरले, कायदा कायदाच आहे म्हणून. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून सगळे द्विसदस्य मतदारसंघ फोडले आणि प्रत्येकाचे दोन-दोन केले. ज्यांना वाटतं की आपल्याकडे निवडणुकीचे नियम पहिल्यापासून असेच आहेत त्यांनी हे वाचावं.

"आमची आजी लालबागची. ती म्हणायची डांग्यांना आम्हीच पाडलं आणि आम्हीच निवडून दिलं. म्हणजे नक्की काय?" (वाचक, ठाणे)

आजीचं अगदी बरोबर. ५२ ला पडले. ५७ ला तोच पट्टा, नाव बदलून 'मुंबई शहर मध्य', आणि या वेळी संयुक्त महाराष्ट्र समितीची हवा. आता राजकारणाची कमाल बघा, समितीत कम्युनिस्टही आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मतं कुजवल्याचा आरोप केला त्यांच्याबरोबर आता एकाच स्टेजवर, एकाच घोषणेवर. खुल्या जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने, आणि दोघंही निवडून आले. या वेळी विळ्याचं मत हत्तीला गेलं आणि हत्तीचं विळ्याला. बाबासाहेब जाऊन तेव्हा तीनेक महिने झाले होते, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

६२ ला समितीचा जोर ओसरला होता, महाराष्ट्र मिळालेला, मतदारसंघ फोडून मध्य-दक्षिण आणि मध्य-उत्तर असे दोन केलेले. डांगे मध्य-दक्षिणमधून पडले, आणि पाडलं कोणी, तर ५२ वाले तेच वि. बा. गांधी. मध्य-उत्तरमधून पुन्हा काजरोळकर. म्हणजे ५२ चीच जोडी परत, फक्त आता दोघांचा संसार वेगळा. ६७ ला डांगे परत मध्य-दक्षिणमधून जिंकले. त्याच वर्षी शेजारच्या दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना लोळवलं, पण तो विषय निघाला की हा कॉलम संपायचा नाही.

"१९७४ च्या दंगलीचा आणि या सीटचा काय संबंध? वडील वरळी बीडीडीचे, पण कधी नीट सांगितलं नाही." (वाचक, पुणे)

संबंध थेट आहे. ६७ पासून 'मुंबई मध्य' या सीटचे खासदार होते रा. धों. भंडारे, मूळचे आंबेडकरी चळवळीतले, नंतर काँग्रेसमध्ये गेलेले. ७३ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जागा रिकामी झाली. जानेवारी ७४ मध्ये पोटनिवडणूक. काँग्रेसचे रामराव आदिक (जे पुढे उपमुख्यमंत्री झाले), त्यांना शिवसेनेचा पाठिंबा, कम्युनिस्ट पक्षातर्फे डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे, आणि हिंदुमहासभेचे विक्रम सावरकर. आजच्या पोरांना सेनेचा काँग्रेसला पाठिंबा म्हटलं की विश्वास बसत नाही, पण गिरणगावात सेनेचा मुख्य शत्रू लाल बावटा होता, काँग्रेस नव्हे.

दलित पँथर ही दलित तरुणांची लढाऊ संघटना, तेव्हा जेमतेम दीड वर्षाची. या सीटवर दलितांची मतं निर्णायक, हे सगळ्यांना माहीत, आणि सगळ्या पक्षांनी ती गृहीत धरलेली. पँथरने जाहीर केलं की गावागावात आमच्या माणसांवर अत्याचार चालू आहेत, मग मत कशाला द्यायचं, बहिष्कार. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात पँथरची सभा झाली, राजा ढाले बोलत असताना दगडफेक सुरू झाली आणि मग ते सभेपुरतं राहिलं नाही. चाळीविरुद्ध चाळ असं काही दिवस चाललं, एकाच गिरणीत एकाच पाळीला जाणारी माणसं गच्चीवरून एकमेकांवर सोडावॉटरच्या बाटल्या आणि दगड टाकत होती, पोलिसांवरही पक्षपाताचे गंभीर आरोप झाले. १० जानेवारीला निषेध मोर्चा निघाला त्यात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता गेला. पँथरचे पहिले शहीद म्हणून आजही त्यांची आठवण काढली जाते.

निवडणूक झाली, आदिक पडले आणि रोझा देशपांडे निवडून आल्या. बाप जिथे पहिल्यांदा पडला त्याच पट्ट्यात मुलगी जिंकली. तुमच्या वडिलांनी का सांगितलं नाही ते मी कसं सांगणार, पण त्या चाळींत दोन्ही बाजूंची माणसं पुढे तीस-चाळीस वर्षं शेजारी-शेजारी राहिली, पाण्याच्या एकाच नळावर, तर काही गोष्टी न बोलणंच बरं असं त्यांना वाटलं असेल.

"कृष्णा देसाईंच्या खुनानंतरची निवडणूक ती हीच का?" (वाचक, नाशिक)

नाही, ती विधानसभेची, परळ मतदारसंघाची. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून ५ जून १९७० ला लालबागला झाला, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली, त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी जिंकले. सेनेचे पहिले आमदार. पट्टा तोच म्हणून लोक दोन्ही निवडणुका एकात एक करतात. आणि हो, तो परळ मतदारसंघही आता नाही.

"मग हे मतदारसंघ नाहीसे का झाले? आम्ही नायगावला, आमचं मतदान नक्की कुठे जातं ते दर वेळी बदलतं." (वाचक, मुंबई)

सोपं उत्तर, जनगणना. माणसं जिथे वाढतात तिथे जागा जातात. लोकसभेचा 'मुंबई मध्य' ७७ च्या पुनर्रचनेत संपला आणि त्याच्या आसपास 'उत्तर-मध्य' आणि 'दक्षिण-मध्य' असे दोन तयार झाले. ७७ ला उत्तर-मध्यमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आल्या, दक्षिण-मध्यमधून रिपब्लिकन बी. सी. कांबळे, म्हणजे लाल आणि निळा अजूनही होता. ८४ ला दक्षिण-मध्यने गिरणी संपाचे नेते दत्ता सामंतांना निवडून दिलं, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, संप मोडलेला असताना! गिरणी कामगाराने जाता जाता मारलेला तो शेवटचा दणका असं मला वाटतं, त्यानंतर ही मतं सेनेकडे वळली आणि ९१ पासून २००९ पर्यंत मोहन रावले.

खरा नांगर फिरला तो २००८ ला. २००१ च्या जनगणनेत शहरात साधारण ३३ लाख माणसं आणि उपनगरात ८६ लाख. तोपर्यंत विधानसभेच्या जागा मात्र दोन्हीकडे सतरा-सतरा. पुनर्रचनेत शहराच्या झाल्या १० आणि उपनगराच्या २६. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर, माटुंगा, ही सगळी नावं एका फटक्यात पुसली गेली. ज्या दादरने मनोहर जोशींना विधानसभेत पाठवलं आणि मुख्यमंत्री दिला तो मतदारसंघ नाही, ज्या माझगावने ८५ आणि ९० ला छगन भुजबळांना निवडून दिलं आणि ९५ ला बाळा नांदगावकरांकडून पाडलं तोही नाही. लोकांनी गिरणगाव सोडून विरार-डोंबिवली गाठली, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आणि टॉवरमध्ये माणसं कमी राहतात, मतदार तर त्याहून कमी.

आता तुमचं नायगाव. विधानसभेला तुम्ही वडाळा मतदारसंघात. लोकसभेला तुम्ही मुंबई दक्षिण-मध्य, धारावी, सायन-कोळीवाडा, चेंबूर, अणुशक्तीनगर यांच्याबरोबर. पण तुमचा लालबाग-परळचा मामेभाऊ असेल तर तो शिवडी विधानसभेत आणि लोकसभेला 'मुंबई दक्षिण', म्हणजे मलबार हिल आणि कुलाब्याच्या पंगतीत. वरळीही तिकडेच. ज्या पट्ट्याने एकेकाळी एकगठ्ठा डांगे आणि माने दिल्लीला पाठवले तो आता लोकसभेत दोन जागी वाटला गेलाय. मतदानाच्या आधी निवडणूक आयोगाच्या ॲपवर स्वतःचं नाव, यादी भाग क्रमांक आणि केंद्र तपासून घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, समोरासमोरच्या दोन बिल्डिंगी वेगवेगळ्या मतदारसंघात असू शकतात आणि मग त्या दिवशी उन्हात चुकीच्या शाळेसमोर रांग लावून बसायची वेळ येते.